तिकिटाचे पैसे

२०१४ च्या मार्चमधल्या एका संध्याकाळी मी पुण्यातल्या वसतिगृहाच्या गच्चीवरून घरी फोन केला आणि आण्णांना सांगितले, की जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात एका प्राध्यापकांच्या संशोधन प्रकल्पावर उन्हाळ्यात अडीच महिने काम करण्यासाठी माझी निवड झाली आहे आणि त्यासाठी दरमहा ६५० युरो शिष्यवृत्ती मिळणार आहे. मी तेव्हा पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होते. या रकमेचे रुपये किती होतात, असे आण्णा विचारतील अशी माझी कल्पना होती आणि उत्तरही मी तयार ठेवले होते. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "किती मिळणार ते मागनं सांग. कवा मिळणार ते आधी सांग."

आमचे गाव शिरोळ तालुक्यातले, आणि घर उसावर चालणारे. कारखान्याला ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांच्या आत शेतकऱ्याला पैसे द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात पहिला हप्ता केव्हा पडेल, दुसरा केव्हा, आणि उरलेली रक्कम दिवाळीला येईल की त्याच्याही पुढे जाईल, यावर आमच्या घरातल्या लग्नांच्या तारखा, भावाची फी आणि विहिरीवरच्या मोटारीची दुरुस्ती ठरत आली. वर्षाचा हिशेब मांडला असता तर आम्हांला कोणी गरीब म्हटले नसते, पण महिन्यामहिन्याचा मांडला असता तर वर्षातले पाच महिने हे घर उसनवारीवर चालते हे दिसले असते. आण्णांचा प्रश्न त्या अनुभवातून आला होता. मी मात्र पाच वर्षे पुण्यात शिकण्याच्या नादात असा विचार करायची सवय विसरले होते आणि निवडपत्रातला आकडा वाचूनच सगळे जमले असे समजून बसले होते.

त्या रात्री मी वहीचे एक पान घेऊन पहिल्यांदा तारखांसह हिशेब मांडला. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता आणि प्रवासखर्चापोटीची ठोक रक्कम ही दोन्ही मी ग्योटिंगेनला पोहोचून हजर झाल्यावर आणि तिथल्या बँकेत खाते उघडल्यावर जमा होणार होती. त्याआधी मुंबई ते फ्रँकफर्ट आणि परत असे तिकीट काढायचे होते, ते सेहेचाळीस हजारांना पडत होते. व्हिसाचे शुल्क ६० युरो, त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार, म्हणजे सहा हजारांच्या आसपास. खोलीचे भाडे महिना २४० युरो होते, आणि घरमालकीणबाईंना पहिल्या महिन्याच्या भाड्याबरोबर दोन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून किल्ली देतानाच हवे होते, म्हणजे ७२० युरो, रुपयांत साठ हजार. पैसे जमा होईपर्यंत खाण्यापिण्याला दोनशे युरो जवळ असावेत असे तिथल्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने कळवले होते. मुंबईच्या दोन खेपा, बॅग, थंडीचे एक जाकीट. बेरीज एक लाख चौतीस हजारांवर गेली. अडीच महिन्यांच्या शिष्यवृत्तीचीही एकूण रक्कम तेव्हाच्या दराने एक लाख पस्तीस हजारच होत होती. जेवढे मला मिळणार होते, जवळजवळ तेवढेच ते मिळण्याच्या आधी माझ्याकडे असायला हवे होते.

माझ्या स्वतःच्या खात्यात चोवीस हजार होते. मामांनी तीस हजार दिले. उरलेल्या ऐंशी हजारांसाठी आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या जयसिंगपूरच्या एका पतसंस्थेत सोनेतारण ठेवल्या. ऑगस्टमध्ये परत आल्यावर, अनामत परत मिळून आणि प्रवासखर्चाची रक्कम धरून, मी ते कर्ज फेडले, तेव्हा व्याज अडीच हजारांहून थोडे अधिक झाले होते. हा आकडा मी आजवर विसरलेले नाही. परदेशातल्या प्रयोगशाळेत शिकण्यासाठी आमच्या घराला प्रत्यक्षात सोसावा लागलेला खर्च एवढाच, अडीच हजार रुपये. पण तेवढ्यावर भागले ते आईच्या हातात चार तोळे सोने होते म्हणून. ज्या मुलीच्या आईच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत, तिच्यासाठी त्याच शिष्यवृत्तीची किंमत अडीच हजार राहत नाही. तिला ती शिष्यवृत्ती घेताच येत नाही.

ग्योटिंगेनच्या त्या दहा आठवड्यांनी मला काय दिले हे सांगितल्याशिवाय या पैशांविषयी बोलणे अपुरे ठरेल. हवेचा किंवा पाण्याच्या वाफेचा स्पर्श झाला की लगेच बिघडणाऱ्या सिलिकॉनच्या संयुगांवर ते काम होते. काचेच्या जोडनळ्यांमधून आलटून पालटून निर्वात आणि आरगॉन वायू देत, एकही क्षण हवा आत न शिरू देता, एक द्रव एका भांड्यातून दुसऱ्यात कसा न्यायचा हे शिकायला मला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत माझ्या हातून दोनदा महिन्याभराचे मूळ द्रव्य वाया गेले. दोन्ही वेळा पीएचडीच्या त्या विद्यार्थ्याने शांतपणे नवी शिशी काढून दिली. आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत स्फटिकांची रचना सोडवण्यासाठी आम्ही जी शेल्क्स नावाची संगणक प्रणाली वापरत असू, ती जॉर्ज शेल्ड्रिक यांनी जिथे वाढवली आणि सुधारत नेली, तोच हा विभाग, हे मला तिथे गेल्यावर कळले. पुस्तकाच्या तळटीपेत वाचलेले नाव एखाद्या दाराच्या पाटीवर दिसावे, तसा तो अनुभव होता. सातव्या आठवड्यात माझ्या हातून पहिला नीट स्फटिक तयार झाला. मी रसायनशास्त्रच करायचे, हे त्या सकाळी ठरले, आणि ते परीक्षेतल्या कुठल्याही गुणांनी ठरले नसते.

शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता जमा व्हायला मात्र एकोणीस दिवस लागले. खाते उघडायला राहण्याच्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद हवी होती, नोंदीला घरमालकीणबाईंची सही हवी होती, आणि त्या गावाला गेल्या होत्या. जवळचे दोनशे युरो पंधराव्या दिवशी संपले, आणि पुढचे चार दिवस त्याच पीएचडीच्या विद्यार्थ्याने उसने दिलेल्या पन्नास युरोंवर गेले. त्याच प्रयोगशाळेत त्या उन्हाळ्यात अमेरिकेतून आलेला एक विद्यार्थी होता. तो डाड, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, या संस्थेच्या राइझ या योजनेतून आला होता. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन अशा देशांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना जर्मनीतल्या पीएचडी संशोधकांच्या हाताखाली काम करता यावे म्हणून ही योजना २००५ मध्ये सुरू झाली. त्याने तिकीट क्रेडिट कार्डावर काढले होते आणि पैसे आल्यावर ते बिल भरले होते. आम्हां दोघांनाही खर्च आधी आणि पैसे नंतर, याच क्रमाने जावे लागले; त्याच्या घरी तो क्रम सांभाळायला एक कार्ड होते, आमच्या घरी आईच्या पाटल्या. त्याला माझ्या पाटल्यांची गोष्ट सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला, आणि नंतर म्हणाला की त्याच्या वर्गातही कार्ड नसल्यामुळे न आलेली मुले होती.

मी धीर करून आमच्या प्राध्यापकांना विचारले, की तुमच्या प्रकल्पाला एवढे अनुदान आहे, तर माझ्यासारखीच्या तिकिटाचे पैसे त्यातून आधी का देता येत नाहीत. त्यांनी कागद घेऊन मला समजावले. त्यांच्या प्रकल्पाचे पैसे मंजूर होताना प्रत्येक रकमेला एक शीर्ष असते: पीएचडीच्या विद्यार्थ्यांचा पगार, रसायने, उपकरणांचा वेळ, परिषदांचा प्रवास. तासावर काम करणारे विद्यार्थी मदतनीस ठेवायलाही तरतूद असते, पण ती त्या विद्यापीठात नाव नोंदवलेल्यांसाठी. दहा आठवड्यांसाठी परदेशातून आलेली पदवीची विद्यार्थिनी यांपैकी कुठल्याच खान्यात बसत नव्हती. म्हणून तिच्यासाठी पैसे देणारी संस्था वेगळी, आणि ती संस्था सार्वजनिक पैसा खर्च करते म्हणून विद्यार्थी खरोखर पोहोचल्याचा पुरावा मागते. मला ते पटले. जनतेचा पैसा देणाऱ्याने पुरावा मागावा हे योग्यच आहे. पण तिकीट विद्यार्थ्याला काढायला लावून नंतर भरपाई देण्याऐवजी ते संस्थेने स्वतः काढून दिले, तरी पुरावा तोच राहतो आणि पैसाही तेवढाच लागतो, हे मी तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणते.

पदवीच्या विद्यार्थ्याने खऱ्या संशोधनात हात घालावा आणि त्याबद्दल त्याला पैसे मिळावेत, ही कल्पनाच तशी जुनी नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करून घेणारा कार्यक्रम सुरू केला, त्यामागे पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांचे पाठबळ होते. त्यात विद्यार्थ्याला मोबदला तरी मिळे किंवा अभ्यासक्रमाचे श्रेयांक तरी. तिथल्याच कॅलटेक विद्यापीठाने १९७९ मध्ये अठरा विद्यार्थ्यांवर आपला उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. १९८७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने असाच देशव्यापी कार्यक्रम आखला, पण त्याचा पैसा फक्त अमेरिकी नागरिक आणि तिथले कायम रहिवासी यांच्यासाठी आहे. हे आमच्याकडच्या मुलांना माहीत नसते, आणि ती आठ-आठ दिवस खपून अर्ज लिहितात.

आपल्या मुलांना खुल्या असलेल्या वाटा वेगळ्या आहेत. डाड या संस्थेचा जन्म १९२५ मध्ये हायडेलबर्गला कार्ल योआखिम फ्रीड्रिख या विद्यार्थ्याच्या पुढाकारातून झाला. तिची वाइज ही योजना भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे, पण यजमान प्राध्यापक विद्यार्थ्यानेच शोधायचा असतो आणि अर्जाची मुभा आयआयटी, एनआयटी, आयसर अशा निवडक संस्थांपुरती असते. कॅनडाच्या मायटॅक्स या संस्थेची ग्लोबलिंक योजना बारा आठवड्यांची आहे. तीत प्राध्यापक आपले प्रकल्प आधी जाहीर करतात, विद्यार्थी त्यांतून पसंतीक्रमाने निवड करतो, आणि अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या सुमारास संपतात, म्हणजे आमच्या मुलांना योजनेचे नाव कळते तेव्हा बहुधा मुदत टळून गेलेली असते. हे आठवडे दहा किंवा बाराच का, असे मुले नेहमी विचारतात. उन्हाळी सुटी हे एक कारण. दुसरे कारण व्हिसाचे. युरोपातल्या शेंगेन देशांत अल्पकाळाच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि कॅनडात सार्वजनिक विद्यापीठात संशोधनासाठी येणाऱ्याला २०१७ पासून १२० दिवसांपर्यंत कामाचा वेगळा परवाना लागत नाही.

अमेरिकेसाठी खोराना कार्यक्रम निघाला, आणि त्याच्या नावापाशी मला नेहमी थांबावेसे वाटते. हा कार्यक्रम २००७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठ, भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि भारत-अमेरिका विज्ञान व तंत्रज्ञान मंच यांनी मिळून उभा केला. त्याला हरगोविंद खोराना यांचे नाव दिले, कारण १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ते विस्कॉन्सिनलाच होते. पंजाबातल्या रायपूर नावाच्या शंभरेक वस्तीच्या गावात, गावच्या महसुलाची वही लिहिणाऱ्या पटवाऱ्याच्या घरी ते जन्मले, म्हणजे आपल्या भाषेत तलाठ्याचा मुलगा. १९४५ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते लिव्हरपूलला गेले आणि पीएचडी झाले. त्यानंतर ज्यूरिकला व्लादिमिर प्रेलॉग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी जवळजवळ वर्षभर काम केले, ते वेतनाशिवाय, साठवलेल्या पैशांवर. पुढच्या सगळ्या कामाचा पाया तिथे पक्का झाला, पण पैसे संपल्यावर त्यांना ती प्रयोगशाळा सोडावी लागली. त्यांच्या नावाच्या कार्यक्रमात विद्यार्थ्याला विद्यावेतन, निवास आणि विमानप्रवास यांची तरतूद ठेवली गेली, हे मला अगदी योग्य वाटते.

आमच्या मराठी मुलखातही परदेशी शिक्षणाची प्रत्येक आठवण पैशाच्या वेळेशी कुठेतरी जोडलेली आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी उभारला, तो दानाच्या रूपात न देता परतफेडीच्या कर्जाच्या रूपात दिला, आणि त्याच्या पहिल्या दोन विद्यार्थिनींपैकी एक कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. सासरे धोंडो केशव कर्वे यांचा त्या जाण्याला विरोध होता, आणि पैसे आले ते जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये कोलंबियासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. पुढे लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास ऐन रंगात आलेला असताना, १९१७ मध्ये, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना तो अर्धा टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते सिडनहॅम महाविद्यालयातल्या पगारातून साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढे जुळवून. मोठ्या शिष्यवृत्तीच्या कडेला असलेल्या या छोट्या रकमांविषयी आपण फारसे बोलत नाही. मला मात्र आता त्याच अधिक दिसतात, कारण एका मुलीला अशी छोटी रक्कम न मिळाल्यामुळे काय झाले हे मी जवळून पाहिले आहे.

पीएचडी करून मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागले, त्याच्या दुसऱ्याच वर्षीची ही गोष्ट. आमची एक विद्यार्थिनी, वडील मालट्रकवर चालक, आई शिवणकाम करणारी. मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या शिबिराला ती गेली होती, एका उन्हाळ्यात विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती मिळवून बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत दोन महिने काम करून आली होती. माझे मत असे आहे की परदेशाची वाट याच शिबिरांतून आणि शिष्यवृत्त्यांतून जाते, आणि ज्याला प्रयोगशाळेचा वास लागलेला नाही त्याने थेट परदेशी अर्ज करण्याची घाई करू नये. तिला तो लागला होता. परदेशातल्या एका प्राध्यापकांनी तिच्याशी दोनदा व्हिडिओवर बोलून तिला आपल्या प्रकल्पावर घेतले, विद्यावेतनही मंजूर झाले. तिकिटाची भरपाई मिळणार होती, ती बोर्डिंग पास सादर केल्यानंतर.

ती बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला गेली, तेव्हा तिच्याकडे प्रवेशपत्र आणि अभ्यासक्रमाच्या फीचा तक्ता मागण्यात आला. तिच्या संशोधनाला फीच नव्हती, त्यामुळे तक्ताही नव्हता, आणि जिथे फी नाही तिथे कर्ज कशाचे हे अधिकाऱ्यांना समजेना. वडिलांनी गाडीमालकाकडे उचल मागितली, पण त्यांची आधीचीच उचल फिटायची होती. हे सगळे मला मागाहून समजले. तिने मला काही न सांगता त्या प्राध्यापकांना इंग्रजीत दोन ओळींचे पत्र पाठवले होते, की वैयक्तिक कारणांमुळे मला येता येणार नाही. त्या विद्यापीठाच्या नोंदीत तेच कारण गेले असेल. किती विद्यार्थ्यांनी तिकिटाच्या पैशांपायी नकार दिला याची मोजणी कोणी करू म्हटले, तरी ती होणार नाही, कारण असा प्रत्येक नकार कागदावर वैयक्तिक कारण म्हणूनच उतरतो. पैसे नाहीत हे वीस वर्षांच्या मुलीने अनोळखी प्राध्यापकांना लिहावे कसे? माझ्याकडे तरी ती का आली नाही, हे मी तिला विचारले. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही दिले असते, म्हणूनच आले नाही."

तिचे ते उत्तर ऐकल्यावर मला समजले, की बाईंनी पदरचे पैसे देणे हा यावरचा इलाज नाही. ज्यात कोणाचे उपकार नाहीत अशी एखादी व्यवस्था हवी होती. २०२३ मध्ये माझ्याबरोबर शिकलेल्या आणि आता नोकरीधंद्याला लागलेल्या आम्ही दहा जणांनी प्रत्येकी वीस हजार घालून दोन लाखांचा एक निधी केला. आम्ही त्याला उचल म्हणतो, कारण आमच्या भागात हा शब्द सगळ्यांना कळतो आणि तो मागायला लाज वाटत नाही. ज्या विद्यार्थ्याच्या हातात परदेशी प्राध्यापकांचे पत्र आणि मंजूर शिष्यवृत्तीचा कागद आहे, त्याचे तिकीट आणि व्हिसाचे शुल्क आम्ही भरतो. परत आल्यावर दोन महिन्यांत त्याने मुद्दल परत करायचे, व्याज नाही. व्हिसा नाकारला गेला तर शुल्काचे पैसे बुडीत धरायचे, ते विद्यार्थ्याकडून घ्यायचे नाहीत. हा शेवटचा नियम ठरवताना आमच्यात बराच वाद झाला, पण दुसऱ्याच विद्यार्थ्याचा व्हिसा नाकारला गेला, आणि त्या मुलाचा फोनवरचा आवाज ऐकल्यावर तो वाद कायमचा मिटला.

या कामात आणखी एक गोष्ट वारंवार समोर येते, आणि तिच्याविषयी मला स्पष्ट लिहावेसे वाटते. परदेशी विद्यापीठाचे नाव घेऊन, संशोधनाचा अनुभव आणि प्रमाणपत्र देतो असे सांगत पालकांकडून लाखभर, दोन लाख रुपये मागणारे लोक आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी त्यासाठी दोन म्हशी विकायची तयारी केली होती. खऱ्या कार्यक्रमात प्राध्यापकाला किंवा त्याच्या संस्थेला विद्यार्थी हवा असतो, त्यामुळे पैसा त्यांच्याकडून विद्यार्थ्याकडे येतो. क्वचित एखादी प्रयोगशाळा साहित्याच्या खर्चापोटी बेंच फी घेते हे खरे, पण ती आकारायची असेल तर विद्यापीठ आपल्या अधिकृत पत्रात लिहून कळवते, मधल्या माणसाच्या खात्यावर मागत नाही. आणि जे चांगले प्राध्यापक प्रामाणिकपणे लिहितात, की जरूर ये, पण माझ्याकडे पैसे नाहीत, त्यांना मी मुलांना आभाराचे पत्र लिहून नम्रपणे नकार द्यायला सांगते. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण बिनपैशाची जागा स्वीकारणे घरची शेती किंवा सोने असलेल्यालाच जमते, आणि तशा जागा वाढत गेल्या तर पैसे देणाऱ्या जागांची गरजच कोणाला वाटणार नाही, ही मला खरी भीती आहे.

देणाऱ्या देशांचाही यात स्वार्थ आहे, आणि तो त्यांनी कधी लपवलेला नाही. पदवीच्या वर्षांत दहा आठवडे येऊन गेलेला विद्यार्थी पीएचडीसाठी पुन्हा त्याच देशात येण्याची शक्यता मोठी, म्हणून तर मायटॅक्सने आपल्या जुन्या उन्हाळी विद्यार्थ्यांना कॅनडात पुढे शिकण्यासाठी वेगळी फेलोशिप देऊ केली. मला त्यात वावगे वाटत नाही. मी स्वतः पीएचडीसाठी परतले नाही, भारतातच राहिले, आणि तरीही ग्योटिंगेनच्या त्या प्रयोगशाळेशी माझा पत्रव्यवहार आजही चालू आहे. गेल्या वर्षी त्यांनी आमच्या महाविद्यालयाला वापरातून काढलेल्या काचेच्या जोडनळ्यांचा एक संच पाठवला. सीमाशुल्काची कागदपत्रे पुरी करण्यात चार महिने गेले, पण आता आमची मुले आरगॉनखाली काम करायला सांगलीतच शिकतात.

आमच्या निधीतून आजवर चौघांना उचल दिली गेली, तिघे जाऊन आले आणि तिघांनीही मुद्दल परत केले. त्यांतल्या एकाने परतफेडीबरोबर हजार रुपये जादा पाठवले होते, ते आम्ही त्याच्या खात्यावर परत केले, कारण एकदा एकाचे घेतले की पुढच्याला ते द्यावेसे वाटणार, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला तेवढीच लाज. जिने दोन ओळींचे पत्र लिहून नकार दिला होता, ती आता हैदराबादला पीएचडी करते आहे. निधी सुरू झाल्याचे कळल्यावर तिने एवढेच विचारले, की माझ्या वेळी हे का नव्हते. तिला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

यंदा पाचवी विद्यार्थिनी आहे. तिला जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत १९ मेला हजर व्हायचे आहे, कारण तिथले उन्हाळी सत्र एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चालते आणि तिला शिकवणारे सगळे त्याच काळात जागेवर असतात. आमच्या विद्यापीठाच्या परीक्षेचे वेळापत्रक अजून आलेले नाही. गेल्या वर्षी शेवटचा पेपर जूनच्या पहिल्या आठवड्यात होता. तारीख बदलता येणारे तिकीट अकरा हजारांनी महाग आहे, आणि तेवढे जास्तीचे तिच्यावर टाकायचे नाही असे आम्ही दहा जणांनी काल रात्री फोनवर ठरवले. ते अकरा हजार आम्ही वाटून घेणार आहोत. तिकीट आज दुपारी काढले. प्राध्यापकांना तिने पत्र लिहिले आहे, की मी कदाचित दोन आठवडे उशिरा येईन, आणि त्याचे कारण तिने यंदा स्पष्ट लिहिले आहे.